नववीत किती होते

कोंडचिंचोली, ता. पारनेर
१८ जून

आदरणीय कादर सर,

फोन तुम्ही उचलत नाही आणि व्हॉट्सॲपवर निरोप वाचल्याची खूणही उमटत नाही, म्हणून पोस्टानं लिहितोय. पोस्टमननं कोल्हारच्या घरी पत्र आणून दिलं, की ते न वाचता परत करायला तुम्हाला उठून त्याच्याशी हुज्जत घालावी लागेल. तेवढा त्रास तुम्ही घेणार नाही, असा माझा हिशेब.

निरोप समारंभातली शाल तुम्ही ऑफिसातल्या खुर्चीवर विसरलात. विसरलात असंच मी धरून चाललोय. भाषणात मी "आता शाळेला गती येईल" म्हणालो ते तुम्हाला लागलं, असं आपला क्लार्क गंधार म्हणत होता. अहो सर, हातात माइक आला की माणूस काहीतरी बोलून जातो. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली गणित शिकवलं, तुमच्याविषयी वाकडं बोलेन का मी? शाल घडी करून कपाटात ठेवलीय. केव्हाही न्या.

तुमच्या खुर्चीत बसलो आणि पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांची बैठक झाली. पडद्यावर सगळ्या शाळांचे निकाल. आपली शाळा शेवटून दुसरी, एकसष्ट टक्के, तेही लाल अक्षरात. शेजारच्या गावचे हेडमास्तर गालातल्या गालात हसत होते. तुम्ही या बैठकांना इतकी वर्षं शांतपणे कसे बसलात, मला खरंच कळत नाही. माझे तर कान तापले. तिथंच ठरवलं, वर्षभरात या लोकांची तोंडं बंद करायची. रात्री बसून शाळा सुधार आराखडा लिहून काढला. जादा तास, सराव परीक्षा, सुंदर शाळा स्पर्धा, आणि दहावीचा निकाल शंभर टक्के.

फाटकाजवळचा निकालाचा फलकही नव्यानं रंगवून घेतला. त्यावरचा तुमचा तो जास्तीचा रकाना, 'नववीत किती होते', तो काढून टाकला. दहावीच्या निकालात नववीचं काय काम? बसले किती, पास किती, टक्के किती, एवढं पुरे. जागा मोकळी झाल्यामुळे अक्षर मोठं आलंय.

नववीत सव्वीस मुलं होती, सगळी पास. त्यातली तिघं यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतील. तौसीफ, अनिमेष आणि रेश्मा. शाळेतून दाखला काढायचा आणि खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाची तीच परीक्षा द्यायची, पास-नापास काहीही झालं तरी आपल्या निकालात धरत नाहीत. तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, मला इथून दिसतायत. पण सगळ्या शाळा हेच करतात, आणि तिघांचं गणित किती कच्चं आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्यावरही दडपण नको.

रेश्माच्या वडिलांना, काकासाहेबांना, मी नीट समजावून सांगितलं. दुधाचा टेम्पो फाटकाशी उभा करून आले होते. म्हणाले, "सर, आमाला त्यातलं काय कळतंय? पोरगी धावी झाली म्हंजे झालं. सावेडीला मावशीकडं ठिवतो, आयटीआयला शिवनकाम शिकंल. पन एकच वरीस बघनार मी. न्हाई झाली तर घरी बसंल." मी म्हटलं, काळजीच करू नका, फॉर्म शाळा भरून देईल. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून.

भाभींना सलाम सांगा.

आपला,
शामकांत निसळ

७ सप्टेंबर

आदरणीय कादर सर,

कार्ड मिळालं. एवढ्या दिवसांनी एक कार्ड आणि त्यावर एक ओळ, "रेश्माचा फॉर्म भरला का?" वर नमस्कार नाही, खाली सही नाही. ऑफिसात टपाल आलं तेव्हा गंधार समोरच बसला होता, त्यानंही वाचलं. मला कसंसंच झालं.

भरला जाईल सर. मुदत आहे अजून. कागद गंधारकडे दिलेत, तो बघतोय. एका मुलीच्या फॉर्मपलीकडे शाळेत काय चाललंय हेही कधीतरी विचारा. सकाळी सातला जादा तास सुरू केलाय. प्रत्येक शिक्षकानं चार-चार मुलं दत्तक घेतलीत, संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन अभ्यास बघायचा. पहिल्या चाचणीत गणितात फक्त दोघं नापास. मागच्या वर्षी याच चाचणीत निम्मा वर्ग गेला होता, आठवतं ना?

रेश्मा जादा तासाला येते. पटावर नाव नसलं तरी मी अडवत नाही. मागच्या बाकावर बसते, गणवेशही घालून येते. सातवीत शाळा सोडून घरी बसलेली ही पोरगी तुम्ही मोटारसायकलवरून जाऊन परत आणली होती, हे मी विसरलेलो नाही. दर सोमवारी विचारते, "सर, फॉर्म आला का?" मी सांगतो, येईल.

तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्हाला एक पोर दिसतं आणि बाकीची शाळा दिसत नाही. म्हणून तर एकसष्टवर राहिलो आपण. हे लिहायला नको होतं, पण आता खोडाखोड करत नाही.

शामकांत निसळ

२४ नोव्हेंबर

आदरणीय कादर सर,

सुंदर शाळा स्पर्धेत तालुक्यात पहिले आलो. पेपरात फोटो आलाय, कात्रण सोबत जोडलंय. डावीकडून तिसरा मी, पोट आत ओढून उभा.

तुम्हाला म्हणून एक गंमत सांगतो. परसबागेला वेगळे गुण होते. आपली परसबाग म्हणजे काय, तर टाकीमागं दोन वांगी आणि एक शेवगा. तपासणी समितीचा निरोप आदल्या दिवशी आला. मग गंधारला पहाटे पारनेरच्या बाजारात पिटाळला आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणल्या. आठवीच्या मुलींनी त्या सोडून ओळीत मातीत खोवल्या आणि वर पाण्याचा मारा केला. रेश्मानं कडेनं विटांना गेरू लावून पांढरी नक्षी काढली, तिचा हात काय आहे तुम्हाला माहीतच आहे. समितीच्या धनश्री मॅडम लई खूश. त्यांना घाई होती म्हणून निभावलं, कारण बारा वाजेपर्यंत सगळी मेथी मान टाकून झोपली. दुसऱ्या दिवशी पाचवीतली एक पोरगी विचारत होती, "सर, भाजी का मेली?" मी सांगितलं, ऊन लागलं.

वाचून हसाल असं वाटलं होतं. लिहून झाल्यावर मलाच फारसं हसू आलं नाही.

फॉर्मचं तुम्ही परत विचाराल. स्पर्धेच्या गडबडीत थोडं मागं पडलं. विलंब शुल्काची मुदत असते, ती वाढतेही. बघतो.

तास आहे, थांबतो.

शामकांत

२८ जानेवारी

कादर सर,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन फाडली.

काल दहावीची हॉल तिकिटं वाटली. एकेक मुलगा येतो, सही करतो, वाकून नमस्कार करतो. तेवीस झाली. रेश्मा दाराशी उभी होती, वेण्या घट्ट घातलेल्या. सगळे गेल्यावर आत आली आणि म्हणाली, "सर, माजं?" मी म्हटलं, तुझं वेगळं येतं. ती "बरं" म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन पायरीवर बसली.

मी खण उघडला. तिचे कागद तिथंच होते. औषधाच्या दुकानातली पिशवी, तिच्यात दाखला, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो. सप्टेंबरात मी तुम्हाला लिहिलं की कागद गंधारकडे दिलेत. दिले नव्हते सर. गंधारला कागदांचा पत्ताच नव्हता. तुमचं कार्ड वाचून मला राग आला आणि मी तोच खण जोरात लावला होता. कागद तेव्हाही तिथंच होते आणि मुदतही होती.

फॉर्मची मुदत संपली. वाढवलेलीही संपली. नोव्हेंबरात मी "बघतो" लिहिलं तेव्हाच संपत आली होती आणि मी मेथी खोवत होतो.

अनिमेषच्या वडिलांनी स्वतः पारनेरला जाऊन त्याचा फॉर्म भरला, त्याचं हॉल तिकीट आलं. तौसीफ मामाच्या गॅरेजला लागला, त्याला परीक्षा नकोच होती असं म्हणतात. नको होती की आम्ही नकोशी केली, देव जाणे. राहिली रेश्मा. तिच्या घरच्यांनी चौकशी केली नाही, कारण मी सांगितलं होतं की काळजी करू नका.

विसरलो, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण मी बोर्डाचं एकही पत्रक विसरलो नाही वर्षभरात. कुठल्या मुलाला चाचणीत किती गुण पडले ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. तिचं नाव पटावरून गेलं आणि माझ्या डोक्यातूनही गेलं, इतकं साधं आहे ते. रोज समोर बसायची तरी.

पायरीवर जाऊन तिला सांगितलं, बोर्डाकडून काहीतरी तांत्रिक अडचण आलीय, जुलैच्या परीक्षेला बसवतो. जिथं नोंदणीच नाही तिथं जुलै कुठला? ती म्हणाली, "चालंल सर. तवर गनित अजून पक्कं हुईल." वर मला धीर दिला तिनं, की तुमी टेन्शन घिऊ नका.

मला या पत्राचं उत्तर नको. म्हणजे, हवं आहे, पण मागायचं तोंड नाही.

शामकांत

१६ मे

कादर सर,

निकाल लागला. तेवीसपैकी तेवीस. शंभर टक्के. शाळा निघाल्यापासून पहिल्यांदा. तुम्ही पेपरात वाचलं असेल.

आज सत्कार झाला. सरपंच आप्पासाहेबांनी मांडव घातला, धनश्री मॅडम नगरहून आल्या. सकाळी फाटकात मोठी रांगोळी हवी होती. गंधार म्हणाला, सर, रेश्माशिवाय कोण काढणार? मी नको म्हणायला हवं होतं. पण का नको, ते गंधारला सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो आणि तिला बोलावणं गेलं.

मी आठ वाजता पोचलो तर ती वाकून काढत होती. मधोमध शंभराचा आकडा, भोवती वेल. एक आणि पहिलं शून्य भरून झालं होतं. मला बघून उभी राहिली, रंगाचे हात मागं धरले आणि म्हणाली, "सर, या शंबरात मी हाय का?"

टोमणा नव्हता सर. तिला टोमणे मारता येत नाहीत. वर्षभर तासाला बसली, तेव्हा तिला खरंच वाटत होतं की आपण कुठंतरी धरलेलो असू.

मी म्हणालो, आहेस की.

"मंग बरं," म्हणाली, आणि बसून दुसरं शून्य गुलाबीनं भरायला लागली.

नंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. भाषणं झाली. मॅडमनी माझ्या खांद्यावर शाल घातली. शाल अंगाला टोचत होती, मे महिना म्हणून असेल. कार्यक्रम संपला तेव्हा रेश्माची आई, पंकजाबाई, डब्यातून पेढे घेऊन आली. शाळेचा निकाल चांगला लागला म्हणून घरी केले होते. म्हणाली, "सर, दुसरं कुनी असतं तर पोरीला वाऱ्यावर सोडलं असतं. तुमी सांभाळून घेतलं." मी पेढा घेतला. खाल्लाही, तिच्यासमोर.

मला माझी लाज वाटते सर. दुसरा शब्द शोधून बघितला, सापडला नाही. बैठकीत एकसष्ट टक्क्यांवर लोक हसले तेव्हा मला वाटलं होतं की लाज म्हणजे हीच.

शामकांत

१० जून

कादर सर,

काल काकासाहेबांच्या घरी गेलो. दुपारचं दूध नगरला पोचवून ते नुकतेच जेवायला बसले होते. मला बघून उठले, बाज पुढं ओढली, पंकजाबाईला चहा टाकायला सांगितला. मी म्हटलं, आधी ऐका, मग चहाचं बघा.

सगळं सांगितलं. तिला बाहेरून का बसवलं, कागद कुठं होते, बोर्डाची कसलीही अडचण नव्हती, जुलैची परीक्षा नाही. पालकांच्या विनंतीवरून असं दाखल्यावर मी लिहिलं आणि तुम्ही तर कसली विनंती केलीच नव्हती, तेही सांगितलं.

मला वाटलं होतं, शिव्या घालतील. तयारीनं गेलो होतो. काकासाहेबांनी ताट बाजूला सरकवलं. मग एवढंच विचारलं, "सर, मंग त्या दिशी तिला रांगोळी काडायला कशापायी बोलावलं?"

मी बाजेवरून उठलो.

पंकजाबाई आतून बाहेर आलीच नाही. चहा उकळून उतू गेल्याचा वास आला, पण तो कुणी आणला नाही आणि ते बरंच झालं. रेश्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी म्हटलं, उद्या शाळेत ये, दहावीला रीतसर प्रवेश देतो, गणित मी स्वतः शिकवतो, निकालाचं काय व्हायचं ते होऊ दे. तिनं बापाकडे बघितलं. काकासाहेब म्हणाले, "एकच वरीस म्हनलो हुतो मी, सर. ते गेलं. त्यात तिची काय चूक न्हाई, समजतंय मला. पन तुमच्या शाळंत आता न्हाई धाडनार."

मी निघालो. टेम्पोपर्यंत सोडायला आले, तेवढं मात्र त्यांनी केलं. तिथं उभं राहून म्हणाले, "कादर सर असते तर गोष्ट येगळी हुती. ते म्हनले तर बघू."

म्हणून हे पत्र. वर्षभरात मी तुम्हाला इतकं लिहिलं, त्यात कधी काही मागितलं नाही, नुसती शेखी मिरवली. आज मागतो. एकदा या. माझ्याकडे येऊ नका, शाळेतही येऊ नका, माझं तोंडही बघू नका. काकासाहेबांच्या घरी या.

शामकांत

२७ जून

कादर सर,

सोमवारी तुम्ही अकराच्या एसटीनं उतरलात. मी व्हरांड्यात होतो. छत्री काखेत, तीच चाल. फाटकासमोरून गेलात आणि मान वळवली नाही. मीच लिहिलं होतं, तोंड बघू नका म्हणून. तरी वाटलं, एकदा बघाल. तुमची शाल हातात घेऊन मी उभा होतो, वेड्यासारखा.

पुढचं मला गंधारकडून कळलं. तुम्ही तिला कोल्हारला नेताय, तिथल्या शाळेत दहावीला घालणार, वर्षभर ती तुमच्याच घरी राहणार. गावात चार लोकांनी तोंडं वाकडी केली, मुसलमानाच्या घरी पोरगी कशी ठेवतोस म्हणून. काकासाहेब त्यांना पारावर म्हणाले, "कादर सराच्या घरी हाय, मंग मला झोप लागंल. तुमच्या घरी ठिवली असती तर न्हाई लागली." पंकजाबाईनं तिच्याबरोबर बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी दिलीय म्हणे. माझ्याकडे निरोप एकच आला, दाखला पाठवा.

दाखला सोबत आहे, आणि शालही. दोन्ही गंधार घेऊन येतोय. जुना दाखला रद्द करून नवा लिहिलाय. कारणाच्या रकान्यात खरं लिहायला पेन टेकवलं होतं, शाळेचा निकाल वाढावा म्हणून, असं. मग हात थांबला. तो कागद ती जन्मभर दाखवत फिरणार, माझी लाज तिनं कशाला वागवायची? पुढील शिक्षणासाठी, असं लिहिलं. तुम्ही आलात म्हणून ते खरं झालं.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांची बैठक होती. आपली शाळा पडद्यावर पहिली, हिरव्या अक्षरात. मला मार्गदर्शन करायला उभं केलं. मी उठून सांगितलं की हे शंभर कसे झाले. नोकरीवर येईल असं वाटत होतं. कुणाला काहीच वाटलं नाही सर. दोघंतिघं हसले, एकजण म्हणाला, निसळ, एवढं काय त्यात, आम्ही तर सात काढले. मग चहा आला आणि पुढचा विषय सुरू झाला. तुम्ही या बैठकांना शांत कसे बसत होता, असं मी पहिल्या पत्रात विचारलं होतं. आता परत विचारणार नाही.

फलक मी स्वतः रंगवला. अक्षर वाकडं आलंय, शेवटचा रकाना कडेला चेपून बसवावा लागला. बसले तेवीस, पास तेवीस, टक्के शंभर, आणि पुढं, नववीत किती होते, सव्वीस.

तुम्ही हा रकाना का ठेवला होता, हे मला शाळा सुरू झाल्यावर कळलं. पोरं फाटकातून आत येताना मोठ्यानं वाचतात. मेथी का मेली विचारणारी ती पोरगी आता सहावीत गेलीय. परवा तिनं वाचलं, बोटांवर वजाबाकी केली आणि सरळ ऑफिसात आली. "सर, तिघं कुठं गेले?"

काल दुसऱ्या एकानं विचारलं. आज सकाळी पुन्हा तिनंच, मैत्रिणीला बरोबर आणून. मी प्रत्येकाला नावं सांगतो. अनिमेष बाहेरून पास झाला. तौसीफ गॅरेजला आहे, त्याच्याकडे दोनदा जाऊन आलो, अजून बोलत नाही. रेश्माचं नाव शेवटी घेतो, कारण तिच्या नावापुढं ती कोल्हारला शिकतेय असं म्हणता येतं.

शामकांत